मंडळी

मराठी भाषेत 'मंडळी' हा मोठा जिव्हाळ्याचा शब्द आहे. लग्नघरी पंगत बसली की यजमान हात जोडून म्हणतो, "मंडळी, सावकाश होऊ द्या." दूरचा पाहुणा भेटला की आपण प्रथम विचारतो, "घरची मंडळी कशी आहेत?" कीर्तनकार श्रोत्यांना मंडळी म्हणतात, गावोगाव हिंडणाऱ्या नटांच्या संचालाही पूर्वी नाटक मंडळी असेच नाव असे. जेथे माणसे एका हेतूने जमतात आणि एकमेकांना आपली मानतात, तेथे हा शब्द सहज ओठांवर येतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाने हाच शब्द आपल्या धर्मजीवनाच्या मध्यभागी ठेवला आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथाचा 'नवा करार' हा भाग मूळ ग्रीक भाषेत लिहिलेला आहे. त्यात श्रद्धावंतांच्या समुदायाला 'एक्लेसिया' असे म्हटले आहे. बोलावून एकत्र आणलेली सभा, असा त्या शब्दाचा अर्थ. मराठी बायबलात त्याच्या जागी 'मंडळी' हा शब्द आला. इमारतीला चर्च, देवालय किंवा प्रार्थनामंदिर म्हणतात. मंडळी म्हणजे माणसे. इमारत वर्षा-दोन वर्षांत उभी राहते. मंडळी घडायला मात्र पिढ्या लागतात. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, आणि त्याच्या भोवतालची खेडी येथील मंडळ्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हे चांगले ध्यानात येते.

अमेरिकेतून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी १८१३ साली मुंबईत कार्यास आरंभ केला. १८३१ साली त्यांनी अहमदनगर येथे केंद्र उघडले आणि पुढे लवकरच तेथे एक लहानशी मंडळी स्थापन झाली. प्रार्थनेबरोबर शाळा आल्या, छापील पुस्तके आली. सिंथिया फॅरार या बाईंनी तेथे मुलींना व शिक्षिकांना शिकविले. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापनशिक्षणाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक अहमदनगरहूनच निघू लागले. प्रारंभी मंडळीचे नेतृत्व परदेशी लोकांकडे होते. १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोन मराठी गृहस्थांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मेंढपाळ जसा कळपाची काळजी वाहतो, तशी माणसांची काळजी वाहणारा तो पाळक. आता ही काळजी त्यांचीच भाषा बोलणारा, त्यांच्यातच वाढलेला मनुष्य वाहू लागला.

परंतु या मंडळीत येणे सोपे नव्हते. त्या काळी धर्म बदलणाऱ्या मनुष्याला घर, नातलग आणि गाव यांना एकाच दिवशी मुकावे लागे. त्याच्याशी रोटीव्यवहार बंद होई, पाणवठा बंद होई, लग्नकार्याचे बोलावणे येईनासे होई. घरी राहिलेल्यांचे दुःखही काही लहान नसे. मुलगा जिवंत असून आपल्याला अंतरला, या दुःखाने आईबाप खचून जात. दोन्ही बाजूंना अश्रू होते.

कवी नारायण वामन टिळक यांच्या संसारात हे दुःख प्रत्यक्ष घडले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या. त्यांच्यावर जणू आकाशच कोसळले. काही वर्षे पतिपत्नींना एकमेकांपासून दूर राहावे लागले. पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते आणि टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. मनुष्यामनुष्यातील उच्चनीचता देवाने केलेली नाही, ती माणसाने केलेली आहे, हे लक्ष्मीबाईंना हळूहळू आपल्याच विचाराने पटले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात इतक्या मोकळेपणाने आणि विनोदाने सांगितला आहे, की तो ग्रंथ मराठी साहित्याचे भूषण ठरला. ज्यांचे जुने गोत तुटले, त्यांना नवे गोत देणे हे मंडळीचे पहिले काम होते.

दुसरे काम याहून कठीण होते. या मंडळीत निरनिराळ्या जातींची माणसे आली. त्यांत पुष्कळ लोक असे होते, की ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते आणि ज्यांची सावलीही वर्ज्य मानली होती. काही थोडे ब्राह्मण घराण्यांतून आले होते. ख्रिस्ती उपासनेत 'प्रभुभोजन' नावाचा एक विधी असतो. येशू ख्रिस्ताने मृत्यूच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांसह जे शेवटचे भोजन केले, त्याच्या स्मरणार्थ सर्वजण एकाच भाकरीचा तुकडा घेतात आणि द्राक्षरसाच्या प्याल्यात सहभागी होतात. आज हा विधी वाचताना आपल्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. परंतु महाडच्या तळ्याचे पाणी प्यावयाला मिळावे म्हणून १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हे आठवले म्हणजे त्याच्या कितीतरी आधी एका प्याल्याभोवती सर्वांनी बसण्यात केवढे धैर्य होते, ते कळेल. जुन्या सवयी अर्थात एका दिवसात गेल्या नाहीत. सोयरीक जुळविताना जात पाहण्याची रीत मंडळीतही पुष्कळ काळ रेंगाळली. तरीही ते भोजन दर वेळी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत राहिले: शेजारी बसलेल्या माणसाला तू खरोखर आपला मानतोस काय?

तिसरे काम होते आपला स्वर शोधण्याचे. आरंभीची बरीच गीते इंग्रजीतून भाषांतरित केलेली असत आणि ती परदेशी चालींवर म्हटली जात. इंग्रजी चालीत आघात ठरावीक जागी पडतो. मराठी शब्द त्यात बसविताना ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे आणि दीर्घ अक्षर आखडावे लागे. अर्थ चांगला असे, पण जीभ अडखळे. शिवाय गाणे पुस्तकात पाहून म्हणावे लागे, आणि पुष्कळांना तर वाचताच येत नसे.

याला उपाय मराठी मातीतच होता. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी तो फार पूर्वी ओळखला होता. १६१६ साली छापलेल्या आपल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी त्यांनी ओवी निवडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तकथेची कीर्तने केली. नारायण वामन टिळकांनी तर या उपायाला पूर्णता आणली. संत तुकारामांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते म्हणत. त्यांनी शंभराहून अधिक उपासनागीते रचली. टाळ, मृदंग आणि एकतारी यांना प्रार्थनामंदिराचे दार मोकळे झाले. एकाने चरण म्हणावा आणि सर्वांनी ध्रुपद धरावे, ही भजनाची रीत मंडळीला मानवली. निरक्षर आजीबाईला आता पुस्तकाची गरज उरली नाही. दोन वेळा ऐकले की ध्रुपद तिच्या मुखी बसे. दळता-कांडताना, शेतात खुरपताना ती तेच गुणगुणे. टिळकांची ही गीते 'उपासना संगीत' या संग्रहातून आजही मराठी मंडळ्या गातात.

टिळकांचे घर हेही एक मंडळीच होते. तेथे अनाथ मुले वाढली. हिंदू असलेले तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, या दांपत्याच्या घरी मुलासारखे राहिले. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. ज्या लक्ष्मीबाईंना पूर्वी धड लिहितावाचता येत नव्हते, त्यांनीच पुढे ते पुरे केले. मंडळीने आणि घराने मिळून एका मनुष्याला किती वाढविता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आज अशा एखाद्या मंडळीचा रविवार कसा असतो? सकाळी पहिली घंटा होते. धुतलेले कपडे घालून, बायबल व गीतांचे पुस्तक हाती घेऊन माणसे निघतात. जुन्या काळी पुष्कळ खेड्यांत प्रार्थनामंदिर वेगळे नसे. आठवडाभर जेथे मुले पाढे म्हणत, त्याच शाळेत रविवारी सतरंजी अंथरून उपासना होई आणि शाळेचे गुरुजीच उपदेश करीत. आता बहुतेक ठिकाणी बाके आली आहेत. गीत, प्रार्थना, बायबलाचे वाचन, पाळकांचा उपदेश, दान आणि शेवटी आशीर्वाद, असा उपासनेचा क्रम असतो. लहान मुलांसाठी रविवारची शाळा वेगळी भरते. तेथे ती गोष्टी ऐकतात, वचने पाठ करतात आणि चारचौघांत उभे राहून बोलायला शिकतात.

उपासनेत आणखी एक भाग असतो. तो कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेला नाही, पण मंडळीचे खरे जीवन त्यात दिसते. तो म्हणजे सूचना. अमुक आजोबा दवाखान्यात आहेत, संध्याकाळी कोणी त्यांच्यापाशी बसावे. अमक्यांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. दहावीच्या मुलांची परीक्षा उद्या सुरू होते, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. गेल्या आठवड्यात ज्या घरी मृत्यू झाला, तेथे भेटीला जायचे आहे. या सूचना ऐकताना प्रत्येकाला कळते की आपले सुखदुःख आपल्या एकट्याचे नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारच्या घरांतून भाकरी आणि पिठले येते. उपासना संपली की माणसे एकमेकांचे हात हाती घेऊन 'सलाम' किंवा 'जय ख्रिस्त' म्हणतात आणि अंगणात बराच वेळ बोलत उभी राहतात.

मंडळीचा कारभार सभासदांनी निवडलेली समिती पाहते. जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो, आणि ज्याने एक रुपया दिला त्यालाही हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या जपून ठेवतात. ज्यांची नावे दुसऱ्या कोणत्याही इतिहासात आली नाहीत, अशी कितीतरी साधी माणसे या वह्यांतून आपल्या नातवंडांना भेटतात.

वर्षाचे सणही मंडळी एकत्र साजरे करते. नाताळात मुले व तरुण घरोघर गाणी म्हणत फिरतात. दारावर चांदणीच्या आकाराचा दिवा लागतो. करंज्या आणि चकल्या यांचे ताट शेजारच्या हिंदू व मुसलमान घरी जाते. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शिरखुर्मा त्या घरांतून आलेला असतोच. उत्तम शुक्रवारी येशूच्या क्रूसावरील मरणाचे स्मरण करतात आणि त्यानंतरच्या रविवारी त्याच्या पुनरुत्थानाचा आनंद करतात.

शेतकरी मंडळीत विशेष रंगतो तो हंगामाचा सण. पीक घरी आले की त्यातला पहिला वाटा देवापुढे आणावयाचा, अशी ही चाल. कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी बाजरी, कोणी गुळाची ढेप, कोणी कोंबडी, तर कोणी परसातला भोपळा. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो आणि मग अंगणात हशा पिकतो. बोली चढत जाते. बाजारात अगदी स्वस्त मिळणारा भोपळा येथे चौपट किमतीला जातो. घेणारा पैसे भरतो आणि भोपळा पुन्हा दान करतो. पुन्हा त्याचीच बोली! असा एकच भोपळा तीन-तीन वेळा विकला जातो. जमलेल्या पैशांतून पाळकांचे वेतन, इमारतीची डागडुजी आणि गरजूंना साहाय्य यांची सोय होते. श्रीमंताची गोणी आणि विधवेची ओंजळ एकाच ओट्यावर ठेवलेली असते. मंदिरातील दानपेटीत दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या एका विधवेने सर्वांहून अधिक दिले, असे येशूने म्हटले होते. कारण इतरांनी आपल्या विपुलतेतून दिले, तिने आपल्या उपजीविकेतूनच दिले.

इतके सगळे असले, तरी मंडळीत भांडणे होत नाहीत असे मात्र समजू नये. माणसे आहेत तेथे रुसवेफुगवे आहेत. समितीच्या निवडणुकीवरून तट पडतात, बांधावरून दोन भावांचे वैर होते, जुना अपमान वर्षानुवर्षे मनात सलत राहतो. अशा वेळी येशूच्या 'डोंगरावरील प्रवचना'तील एक शिकवण मंडळीच्या उपयोगी पडते. तुझे दान वेदीपाशी आणल्यावर, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असा तिचा आशय आहे. देव दान घेण्याची घाई करीत नाही. तो थांबतो, पण दुखावलेला भाऊ थांबू नये. म्हणून प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपले मन तपासावे, असे पाळक सांगतात. बोलणे टाकलेले दोन शेजारी अशा दिवशी एकमेकांच्या दारी गेले, की त्या रविवारचा उपदेश सफळ झाला असे समजावे. ज्याच्याशी पटते त्याच्याबरोबर गाणे सोपे असते. ज्याच्याशी पटत नाही, त्याच्या सुरात सूर मिळविण्यात खरी उपासना आहे.

महाराष्ट्रातील सर्व ख्रिस्ती एकाच परंपरेचे नाहीत. १९७० साली नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन 'उत्तर भारत चर्च' स्थापन झाले. वसई भागातील कॅथलिक समाजाची परंपरा याहून कितीतरी जुनी, पोर्तुगीज काळापासूनची. तेथे मंडळीऐवजी 'धर्मग्राम' हा शब्द रूढ आहे, आणि पाळकांऐवजी धर्मगुरू असतात. त्या समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईची झाडे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी वाचविण्यासाठी सर्व धर्मांच्या गावकऱ्यांसह लढा दिला. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अहमदनगरच्या टिळकांप्रमाणेच वसईच्या या धर्मगुरूंनीही आपली श्रद्धा आणि आपली मराठी यांत कधी अंतर पडू दिले नाही.

घंटेचा नाद दूरवर जातो, पण तो माणसांना बोलावण्यापलीकडे काही करू शकत नाही. एकत्र बसणे, एकत्र गाणे, उपाशी माणसाच्या घरी भाकरी नेणे आणि रुसलेल्याच्या दारी प्रथम जाणे, हे माणसांनाच करावे लागते. ते ज्या ठिकाणी घडते, तेथे छप्पर गळके असले तरी मंडळी उभी असते. ते जेथे थांबते, तेथे मनोरा कितीही उंच असो, उरते ती केवळ इमारत.

शब्दार्थ

रोटीव्यवहार – एकमेकांच्या घरी जेवणखाण करण्याचा संबंध
अंतरणे – दुरावणे, मुकणे
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेश करताना पाण्याने होणारा संस्कार
सोवळे – शुद्धतेविषयीचे पारंपरिक नियम
गोत – आप्तेष्ट, नातलग
ध्रुपद – गीतात पुन्हा पुन्हा म्हणावयाची ओळ
विपुलता – भरपूर असणे
समेट – भांडण मिटवून केलेला सलोखा

स्वाध्याय

१. 'इमारत वर्षा-दोन वर्षांत उभी राहते; मंडळी घडायला मात्र पिढ्या लागतात.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एक्लेसिया' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) भाषांतरित गीते गाताना मराठी माणसांची जीभ का अडखळे?
(इ) हंगामाच्या सणात एकच भोपळा अनेकदा कसा विकला जातो?

३. एका प्याल्यात सर्वांनी सहभागी होण्यास त्या काळी धैर्य का लागत होते? सात-आठ ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: आकाश कोसळणे, हशा पिकणे, सुरात सूर मिळविणे, तट पडणे.

५. 'मंडळी' हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरून चार वाक्ये तयार करा.

६. तुमच्या गावातील कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळी लोक एकमेकांच्या साहाय्यासाठी काय काय करतात, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि ती वर्गात सांगा.